सोबत गेलो म्हणजे सोबतच परतायचं का?

पत्राचा सारांश: इंदूरच्या ५८ वर्षांच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, यजमान हयात नाहीत, एकुलती एक लेक मेलबर्नला असते. गेली काही वर्षं चार मैत्रिणींबरोबर त्या रविवारी डोंगर चढतात. कधी रालामंडल, कधी जानापाव, पावसाळ्यात चोरल आणि पाताळपाणी. या ऑक्टोबरात पाचजणींनी मिळून नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक ठरवला, पैसेही भरले. मग लेकीकडची गोड बातमी आली. बाळंतपण नोव्हेंबरच्या शेवटी आहे. म्हणून ताईंनी ठरवलं की ट्रेक संपला की काठमांडूहून थेट मेलबर्न गाठायचं. चौघी दिल्लीमार्गे इंदूरला परततील. हे ऐकल्यापासून ग्रुपमधल्या सर्वांत मोठ्या ताई दुखावल्या आहेत. "डोंगरात साथ सोडायची नसते. सोबत गेलो तर सोबतच परत यायचं," असं त्या म्हणाल्या. बाकीच्या गप्प आहेत. वाचक ताई विचारतात, ट्रेक रद्द करू का? आधी सगळ्यांबरोबर इंदूरला परतून मग निघू का? की शेवटच्या दिवशी पहाटे कोणाला न उठवता निघून जाऊ? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "लेक म्हणते, आई आता इथेच राहा. हे मी अजून कोणालाच बोललेले नाही. ट्रेकचा विचका नको, म्हणून शेवटच्या रात्री सांगेन म्हणते."

प्रिय ताई,

थोरल्या ताईंच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. ते तुमच्या मनाला फार लागलेलं दिसतं.

डोंगरात साथ सोडायची नसते, हे खरंच आहे. वाटेत धुकं उतरतं, पाय मुरगळतो. उंचीवर डोकं जड होतं आणि जिला त्रास होतोय तिला स्वतःला ते नीट कळत नाही, शेजारी चालणारीच्या आधी लक्षात येतं. म्हणून सगळ्यांत सावकाश चालणारीच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं, वळणावर थांबून मागचीची वाट बघायची, कोणी आजारी पडलं तर तिला एकटीला खाली पाठवायचं नाही. तुमच्याच वाटेवर देउरालीच्या पुढे मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पपर्यंतचा टप्पा हिमस्खलनाच्या धोक्याचा आहे. तिथे गाईड म्हणेल त्या वेळी आणि म्हणेल तसंच सगळ्यांनी पार व्हायचं असतं. या नियमामागे जिवाची काळजी आहे, आणि ती गाडीरस्त्याला लागेपर्यंतची आहे. परतताना झिनूजवळचा लांब झुलता पूल ओलांडून पाचही जणी जीपमध्ये बसलात की तो नियम तुम्ही पुरेपूर पाळलेला असेल. त्यानंतर चौघींनी दिल्लीचं विमान धरलं आणि तुम्ही मेलबर्नच्या वाटेवरचं, तर त्याला कोणी साथ सोडणं म्हणणार नाही. हे आधी तुम्ही स्वतःला पटवा, मग थोरल्या ताईंना पटवता येईल.

पण त्या असं का म्हणाल्या असतील, याचाही विचार करा. तुम्ही लिहिलंय की त्यांचे दोन्ही मुलगे बाहेर आहेत. आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये हे चित्र घरोघरी आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर साता समुद्रापार. मागे राहिलेल्यांनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं. कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, कोणाकडे सत्यनारायण असो, हाक मारायला शेजारीण लागते. दर एक-दोन वर्षांनी यातलंच कोणी "सहा महिन्यांसाठी" मुलाकडे जातं आणि मग त्या घराला कुलूप दिसू लागतं. थोरल्या ताईंनी हे अनेकदा पाहिलं असणार. माझा अंदाज असा की काठमांडूहून कोण कुठलं विमान धरतं, याचं त्यांना फारसं सुखदुःख नाही. "तू परत येणार आहेस ना?" हा प्रश्न त्यांना विचारायचा होता, तो विचारवला नाही, म्हणून त्यांनी नियम सांगितला. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. खरं काय ते त्यांच्याशी बोलूनच कळेल.

त्यांच्या मनात ही शंका असेल, तर ती अगदी निराधारही नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्हीच ते लिहिलंय.

ही गोष्ट शेवटच्या रात्री सांगायचा बेत कृपा करून सोडा. तुमचा हेतू चांगला आहे, सगळ्यांचा आनंद राखायचा. पण प्रत्यक्षात काय होईल ते सांगते. लॉजच्या जेवणघरात संध्याकाळी तुम्ही पाचजणी लांब टेबलाभोवती बसलेल्या असाल. दोरीवर ओले मोजे, पुढ्यात डाळ-भाताची ताटं, बाहेर अंधार. दमलेल्या माणसांना अशा वेळी एकच विषय सुचतो, पुढचा ट्रेक कुठला. तुमच्यातली धाकटी मोबाईलमध्ये संदकफूचे फोटो दाखवेल, "पुढच्या वर्षी हा, नक्की ना?" असं विचारेल आणि तुम्ही "बघू" म्हणाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय निघेल, पुन्हा तुम्ही "बघू" म्हणाल. नंतर खरी गोष्ट कळली की मैत्रिणींना तुमचा एकेक "बघू" आठवेल. तुम्ही जाणार याचं वाईट वाटेलच, पण ते ओसरेल. आपण बेत करत होतो आणि ही गप्प बसून ऐकत होती, हे मात्र पुसलं जायला फार वेळ लागेल. ज्या आनंदासाठी तुम्ही गप्प राहिलात, त्यालाच मागाहून डाग लागेल.

शिवाय शेवटची रात्र ही अशी बातमी द्यायला सगळ्यांत वाईट वेळ. पाय दुखत असतात, झोप झालेली नसते, सॅक भरायच्या असतात, सकाळची गाडी ठरलेली असते. ऐकणारीला रागवायचं असतं, रडायचं असतं, दहा प्रश्न विचारायचे असतात. तुम्ही सांगून मोकळ्या होऊन विमानात बसाल आणि ते सगळं तिच्याकडेच राहील.

मग मधेच, छोमरोंगला किंवा बेस कॅम्पवर सांगू का, असं मनात येईल. ते तर मुळीच करू नका. बेस कॅम्प ४१३० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर भूक मंदावते, झोप सावध लागते, चिडचिड होते. मन बिघडलं की माणूस जेवत नाही, आणि तिथे न जेवणं, पाणी कमी पिणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. एखादी गप्प गप्प आहे ती बातमीमुळे की उंचीच्या त्रासामुळे, हे गाईडलाही ओळखता येणार नाही. लॉजच्या भिंती पातळ फळ्यांच्या, एकेका खोलीत दोघी-तिघी, क्षणभर एकटं बसावं म्हटलं तर जागा नाही. छोमरोंगच्या वर फोनची रेंज धड नसते, म्हणजे घरी कोणाशी बोलून मन मोकळं करावं तर तीही सोय नाही.

सांगायचं ते इंदुरातच सांगा, निघण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी. ऐकणारी उठून घरी जाऊ शकेल, दोन दिवस फोन न घेता राहू शकेल, मग परत येऊ शकेल. रुसायला आणि रुसवा काढायला वेळ मिळाला की ट्रेकला निघेपर्यंत बातमी जुनी होते. वर तर असंही होतं की मैत्रीण जाणार आहे हे माहीत असलेल्या माणसांचा एकमेकींवरचा जीव वाढतो. पाण्याची बाटली भरून ठेवणं, वाटेत काठी पुढे करणं, सगळं जास्त मनापासून होतं.

"पण मीच अजून ठरवलेलं नाही, मग सांगू काय?" असं तुम्ही म्हणाल. तेच सांगा. तुम्ही असं धरून चालला आहात की ऑक्टोबरच्या आत सहा महिने की कायमचं याचा सोक्षमोक्ष लागला पाहिजे. असं काही नाही. लेकीचं बोलणं मायेचं आहे, पण ऑस्ट्रेलियाचे नियम मायेवर चालत नाहीत. भेटीच्या व्हिसावर ठरावीक महिनेच राहता येतं, नंतर बाहेर पडावं लागतं. आईवडिलांना तिथे कायम राहू देणारा व्हिसा वेगळा असतो. त्याची रांग वर्षानुवर्षांची आहे, आणि लवकरचा म्हणून जो प्रकार आहे त्याची फी आपल्या निवृत्त माणसांना धडकी भरवेल एवढी. म्हणजे यंदा तुम्ही हो म्हटलं तरी कायमचं जाणं होत नाही. मैत्रिणींना सरळ सांगा: "लेक राहा म्हणते आहे. मला अजून कळत नाही. सध्या व्हिसा आहे तेवढे महिने राहून परत येणार आहे, पुढचं तेव्हा बघेन." हे शब्दशः खरं आहे आणि पुरेसं आहे. मात्र बाळ हातात आल्यावर, पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत, इंदूरचं घर विकायचा विचार करू नका. लेक-जावयाने कितीही आग्रह केला तरी नाही. त्या दिवसांत आजीच्या मनाला बाळापलीकडे काही दिसत नाही, आणि घर एकदा विकलं की पुन्हा मिळत नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

ट्रेक रद्द करायचा का? मैत्रिणींचा निरोप घ्यायला जड जाईल म्हणून करणार असाल, तर नको. करायचाच असेल तर वेगळ्या कारणासाठी करा, आणि त्या कारणाबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. छोमरोंगच्या दगडी पायऱ्या प्रसिद्ध आहेत. खाली उतरून पुन्हा चढायचं, परतताना पुन्हा तेच. तिथे गुडघा दुखावला, तर महिन्याभराने लेकीच्या घरी तुमचीच सेवा करायची वेळ येईल. तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि मुख्य म्हणजे लेकीशी बोला. तिची तब्येत कशी आहे, डॉक्टर काय म्हणतात, तारखेच्या आधी काही झालं तर तिच्याजवळ कोण असेल, तुम्ही वर असताना फोन लागला नाही तर तिला चालेल का? तिच्या आवाजात धाकधूक जाणवली, तर ट्रेक खुशाल पुढे ढकला. अन्नपूर्णा कुठे जात नाही. मार्च-एप्रिलचा हंगामही छान असतो, खालच्या रानांत बुरांश फुललेला असतो. ती निर्धास्त असेल, तर जा.

आधी इंदूरला परतून मग निघणं, हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. आठवडाभर पाय पसरून झोपता येईल, कपडे धुऊन होतील, लेकीचं सामान शांतपणे बांधता येईल. पण खर्च वाढतो, आणखी दोन-तीन विमानं वाढतात, आणि निरोप काही टळत नाही. काठमांडूऐवजी इंदूरच्या विमानतळावर घ्यावा लागेल, एवढाच फरक. तुम्हाला विश्रांती हवी असेल तर हा मार्ग घ्या. फक्त थोरल्या ताईंचा शब्द राहावा म्हणून घेऊ नका. ती धुसफूस मग तुम्ही मेलबर्नपर्यंत मनात न्याल.

पहाटे न सांगता निघून जाणं मला अजिबात मान्य नाही. ट्रेकमध्ये रोज सकाळी आपण पहिलं काय बघतो? सगळ्या आहेत ना. दोन आठवडे रोज एकमेकींना मोजणाऱ्या माणसांनी शेवटच्या सकाळी उठून तुमची रिकामी खाट पाहायची, हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. निरोपाला रडू येईल ही भीती असेल तर येऊ द्या. चार मैत्रिणींसमोर रडण्यात कसली लाज?

माझं मत विचाराल तर लेक निर्धास्त असल्यास काठमांडूहूनच जा, पण नीट आखून. असंच मधूनच पुढच्या देशाला जाणाऱ्या इतर वाचकांनाही उपयोग होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी दिवसांची ऐसपैस मोकळीक. पोखरा ते काठमांडू विमान ढगांमुळे रखडतं, आणि रस्त्याने जायचं तर अंतर साधारण २०० किलोमीटर असलं तरी अख्खा दिवस धरायचा. त्यात ऑक्टोबरात दशैं असतो, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या वेळचाच नेपाळचा सर्वांत मोठा सण. सगळा देश गावाकडे निघतो, गाड्या मिळत नाहीत, गाईड-पोर्टरनाही घरची ओढ लागलेली असते. ट्रेक संपण्याची तारीख आणि मेलबर्नचं विमान यांत निदान तीन रात्री ठेवा. काठमांडूहून मेलबर्नला सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकला विमान बदलून जाता येतं. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा सुटून पुढचं चुकलं तर कोणी वाली नसतो, आणि बॅगही मधेच उतरवून पुन्हा द्यावी लागते.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही विमानाने जाता येतं. तुमच्या मैत्रिणी तसं जातील कदाचित, तुम्ही मात्र दिल्लीहून निघतानाच पासपोर्टवर जा, कारण पुढे तिसऱ्या देशात जायचंय. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ट्रेकच्या आधीच हातात हवा. तो पासपोर्टवर चिकटत नाही, ऑनलाईन येतो, म्हणून त्याची छापील प्रत जवळ ठेवा. नेपाळमधून पुढे जाणाऱ्या भारतीयांसाठी आणखी काही कागद लागतो का, हे तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. काठमांडूच्या भारतीय दूतावासाच्या सूचनाही बघा. विम्याचंही तसंच. नेहमीच्या प्रवास विम्यात उंचीवरचा ट्रेक बहुधा धरलेला नसतो. ४१३० मीटरपर्यंतचं चालणं आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का, आणि नेपाळहून परस्पर ऑस्ट्रेलियाला गेल्यावर तोच विमा चालू राहतो का, हे दोन्ही लेखी घ्या.

सामान पहिल्या दिवसापासूनच दोन ठिकाणी बांधा. मेलबर्नची बॅग काठमांडूच्या हॉटेलात ठेवून जा. ठमेलमधल्या हॉटेलांना ट्रेकवाल्यांच्या बॅगा सांभाळायची सवय असते. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग तिथेच भाड्याने मिळतात, विकत घेऊन ओझं वाढवू नका.

आता बुटांचं. ऑस्ट्रेलियात उतरताना जो फॉर्म भरतात, त्यात माती लागलेल्या वस्तूंबद्दल विचारतात, आणि गेल्या ३० दिवसांत शेत, जनावरं, रानवाटा, ओढे-तळी यांच्याशी संबंध आला का असाही प्रश्न असतो. तुमचं उत्तर "हो" आहे, तेच लिहा. "हो" लिहिलं म्हणून कोणी शिक्षा करत नाही, फार तर बूट तपासतात. लपवलं तर दंड होतो. बूट नेणार असाल तर तळव्याच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा. त्यापेक्षा सोपं म्हणजे बूट, काठ्या आणि मातीचे कपडे मैत्रिणींबरोबर इंदूरला पाठवून द्या. मात्र "बूट तुमच्याकडे आहेत, म्हणजे मी येणारच" असलं काही बोलून बसू नका. जे नक्की नाही ते नक्की असल्यासारखं सांगायची गरज नाही.

लेकीसाठी डिंकाचे लाडू करून न्यायचा विचार तुम्ही लिहिलाय. ट्रेक होईपर्यंत ते हॉटेलात पडून राहणार, आणि दूध-तुपाच्या पदार्थांबाबत तिथे फार कडक असतात. मेलबर्नच्या भारतीय दुकानांत डिंक, खारीक, खसखस मिळते. ताजे लाडू तिच्या स्वयंपाकघरातच वळा. शेव नेलीत तर तीही फॉर्मवर लिहा.

पैशाचा हिशोब पोखऱ्यातच संपवा. गाईड-पोर्टरची बक्षिसी सगळ्यांनी मिळून, ट्रेकच्या शेवटच्या संध्याकाळी, स्वतःच्या हाताने द्या. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हे लक्षात ठेवलं की हिशोब सोपा जातो. खोलीभाडं, जीप, चहापाणी यांतलं कोणाचं कोणाकडे काय निघतं ते त्याच रात्री मिटवा. विमानतळावर "ते साडेसातशे राहिले ना" नको, आणि मेलबर्नहून तर नकोच.

निरोपाबद्दल मला असं वाटतं की तो एका क्षणात उरकू नये, थोडा थोडा घ्यावा. झिनूला नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. परतताना सगळे तिथे पाय शेकत बसतात. पाचजणींना निवांत बोलायला ती जागा उत्तम, कारण तोवर चढ-उताराचं टेन्शन संपलेलं असतं आणि गाडी-विमानाची घाई सुरू झालेली नसते. मनातलं काही राहिलं असेल तर तिथे बोला, विशेषतः थोरल्या ताईंशी. मग काठमांडूतला एक दिवस भक्तपूरला जा. शहरापासून तासाभराच्या आत पोहोचता. तिथलं जुजु धौ, म्हणजे मातीच्या परळात लावलेलं घट्ट गोड दही, सगळ्या नेपाळात नावाजलेलं आहे. आपल्याकडे परगावी निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. त्या दह्यातलं चमचाभर थोरल्या ताईंकडूनच हातावर मागून घ्या. दुखावलेल्या माणसाला आशीर्वाद द्यायची संधी दिली की त्याचा मान राहतो आणि रागही निवळतो. हे मी खूप घरांत पाहिलं आहे.

आणखी एक. शक्य असेल तर विमानांच्या वेळा अशा बघा की तुम्ही आधी निघाल, नाहीतर सगळ्या एकाच दिवशी. चौघी गेल्यावर तुम्ही एकट्या हॉटेलच्या खोलीत दोन दिवस राहिलात, तर फार जड जाईल. निघणाऱ्याला बॅग, पासपोर्ट, टॅक्सी अशी कामं असतात, मागे राहणाऱ्याला काहीच नसतं. विमानतळावर सगळ्यांना नेऊ नका. टर्मिनलच्या आत फक्त प्रवाशांनाच सोडतात, बाहेर टॅक्सीवाले घाई करतात, धड बोलताही येत नाही. मिठी मारायची ती हॉटेलात मारा.

मेलबर्नला पोहोचल्यावर पहिले काही दिवस तुम्हाला उदास वाटेल. लेक समोर आहे, बाळाची चाहूल आहे, आणि मन मात्र त्या चौघींच्या मागे डोंगरात फिरतंय, असं होईल. याचा अर्थ तुमची लेकीवरची माया कमी झाली असा नाही. दोन आठवडे रोज ठरल्या वेळी उठणं, चालणं, एकत्र जेवणं, रात्री दमून झोपणं, हे सगळं एकदम थांबतं. देह आणि मन दोन्हींना ते जाणवतं. लेकीपासून लपवू नका. "मला मैत्रिणींची आठवण येते" असं तिला मोकळेपणी म्हणा. आईला स्वतःचं आयुष्य आहे हे तिला कळायला हवं, म्हणजे "इथेच राहा" म्हणताना ती काय मागते आहे हेही तिच्या लक्षात येईल. आणि रोज थोडं चाला. पाय एकदम बंद करू नका.

फोनची वेळ आधीच ठरवून ठेवा. तेव्हा मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असेल. इंदुरात रात्री नऊला निवांत होऊन फोन लावावा तर तिकडे मध्यरात्रीचे अडीच वाजलेले असतात. रविवारी मैत्रिणी टेकडी उतरून पोहे-जलेबीला बसतात ती सकाळी आठची वेळ घ्या, तिकडे दुपारचा दीड होतो. दर रविवारी जमेलच असं नाही. ज्या दिवशी बाळ रडत असेल त्या दिवशी "आज नाही" एवढा मेसेज पुरे. ग्रुपवर रोज पन्नास फोटो टाकू नका, आणि त्यांच्या रविवारच्या डोंगराचे फोटो आले की वाईट वाटून ग्रुपही सोडू नका.

थोरल्या ताईंना सगळ्यांच्या आधी, एकट्यांना, त्यांच्या घरी जाऊन सांगा. रालामंडल चढताना धापा टाकत नको. बाकी तिघींना त्यानंतर एकदमच सांगितलंत तरी चालेल. तुमच्या मैत्रिणी हे सदर वाचतात असं तुम्हीच लिहिलंय. नावगाव गाळलं तरी त्या तुम्हाला ओळखतील, म्हणून हे उत्तर आधी तुमच्या ईमेलवर पाठवते आहे. चौघींना सांगून झालं की मला कळवा, मगच ते छापायला देईन.